उद्या पाणी मोजायला येणार आहेत

आमच्या घरात वर्षातून चार वेळा आप्पांचा एक हुकूम सुटायचा: "उद्या पाणी मोजायला येणार आहेत. आज दुपारनंतर मोटर लावायची नाही." जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मग रानात वाटाणा माना टाकत असो की अंजिराला पाण्याची पाळी आलेली असो, स्टार्टरच्या पेटीला आप्पा कुलूप लावत आणि किल्ली बंडीच्या खिशात ठेवत. आई कुरकुरायची. रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात तर दादाही कुरकुरायचा, कारण आयती आलेली लाइट वाया जायची.

माझं माहेर पुरंदर तालुक्यात आहे. कऱ्हेच्या खोऱ्यात, पर्जन्यछायेत. आमची विहीर ही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर आहे. राज्यभरात अशा सुमारे ३९०० विहिरी आहेत. त्या सरकारी मालकीच्या असतात असं नाही, आमच्यासारख्या कुणाच्याही शेतातल्या असतात. कठड्यावर रंगाने एक क्रमांक आणि एक बाण काढलेला असतो. तो बाण म्हणजे मापनबिंदू. टेप दरवेळी तिथूनच सोडायची, हातभर इकडेतिकडे नाही.

ही विहीर आजोबांनी १९७३ साली पाडली. बहात्तरच्या दुष्काळात ते आणि आजी खडी फोडायच्या कामावर होते. तिथे मिळालेल्या सुकडीची चव आजीला शेवटपर्यंत नकोशी वाटायची. तो दुष्काळ सरला आणि हातात चार पैसे येताच त्यांनी पहिलं काम विहिरीचं काढलं. भूजल यंत्रणा उभी राहिली तीही त्याच काळात. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी जोडूनच असतात.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की विहिरीच्या भिंतीवर आमच्या गावाचं पोट उघडं पडतं. वर दीड हात माती. तिच्याखाली पिवळट मुरूम, कुदळीने निघेल असा. मग मांजऱ्या: भोकाभोकांचा, ठिसूळ, पांढरे ठिपके असलेला. तीस फुटांवर दक्षिण बाजूला वीतभर रुंदीचा तांबडा पट्टा आहे, आम्ही त्याला गेरू म्हणतो. झरा बरोबर त्या पट्ट्याच्या वर आहे. बोट लावलं तर मे महिन्यातही ओलं लागायचं. पट्ट्याच्या खाली काळा पाषाण, ज्याला सुरुंगच हवा.

टेप घेऊन येणाऱ्या भूवैज्ञानिकांनी एकदा मला हे सगळं कठड्यावर बसून समजावलं होतं. तेव्हा मी नववीत होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर आला, थरावर थर पसरत गेला. दख्खनच्या या खडकाला ट्रॅप म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आलेला आहे. सासवडच्या रस्त्याने जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग वायूचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झाला, तो मांजऱ्या. मधला आणि खालचा भाग घट्ट थिजला, तो पाषाण. एक थर येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, तर वरचा पृष्ठभाग झिजून त्याची तांबडी माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली, तो गेरू. तो चिकण असतो, पाणी सहज खाली जाऊ देत नाही, म्हणून झरा त्याच्या डोक्यावर फुटतो. त्या दिवसापासून मी विहिरीत डोकावले की मला थर मोजायची सवय लागली. आता मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, त्यात या कठड्यावरच्या एका दुपारचा वाटा मोठा आहे.

मोजणीचं काम दिसायला अगदी साधं. टेपच्या टोकाला वजन. ती बाणाजवळून सोडायची आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. सुगरणींची घरटी बाभळीच्या फांदीवरून थेट विहिरीवर लोंबत असायची, त्यांचा कलकलाट तेवढा चालू. खालून "टप्" असा आवाज आला की टेप जरा वर घ्यायची, परत टेकवायची, परत टप्. आरोग्य खात्याने सोडलेले गप्पी मासे क्षणभर पांगायचे आणि लगेच वजनाभोवती जमायचे. मग आकडा वाचायचा. टेपवर १०.४० आलं तर त्यातून कठड्याची उंची पाऊण मीटर वजा करायची. जमिनीपासून पाणी ९.६५ मीटरवर. आप्पा हयातभर विहिरीची खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, मोजत आले, पण हे आकडे मात्र ते मीटरमध्येच लिहायचे. कालनिर्णयच्या मागच्या पानावर, बॉलपेनने, १९८६ पासून. पानं फाडून त्यांनी एका पिशवीत जपली होती.

मोटर का बंद ठेवायची ते आप्पांना कुणी फार समजावून सांगावं लागलं नाही. उपसा चालू असताना विहिरीतलं पाणी आजूबाजूच्या खडकातल्या पाण्यापेक्षा खाली असतं. मोजायचं आहे ते खडकातलं पाणी, विहीर ही नुसती त्यात डोकावायची खिडकी. मोटर थांबवून खडकाला वेळ दिला की दोन्ही पातळ्या सारख्या होतात. एका मार्चमध्ये शेजाऱ्यांकडे लग्न होतं आणि आप्पा घरी नसताना आमच्या विहिरीवरून टँकर भरला गेला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी साहेबांना आधी ते सांगितलं, मग टेप सोडू दिली. नोंदीसमोर तसा शेरा पडला. आप्पांना त्याची इतकी रुखरुख लागली की त्यांच्या पानावरही तो आकडा कंसात आहे.

आता मुख्य गोष्ट. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला. राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०१९ च्या मे महिन्यात आमची चौदा मीटर खोल विहीर कोरडी पडली. टेप सोडली तर तळाचा दगड वाजला. दादाने ठरवलं, यारी म्हणजे दगड-माती उपसायची क्रेन बोलवायची आणि विहीर अजून वीस फूट खाली न्यायची, नाहीतर बोअर घ्यायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं: पाऊस कमी झालाय, पाणी खाली गेलंय, आपणही खाली जायचं. अंजिराची झाडं डोळ्यांदेखत वाळत असताना त्याला चूक म्हणणं सोपं नव्हतं. मी सुट्टीत माहेरी होते. आप्पांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी त्यांची पिशवी काढली आणि आलेख कागदावर सगळे आकडे मांडायला बसले. दोन रेघा: एक ऑक्टोबरची, एक मेची.

ऑक्टोबरची रेघ तेहतीस वर्षांत जवळजवळ आडवी होती. बऱ्या पावसाच्या वर्षी पाणी दोन-अडीच मीटरवर यायचं, १९८८ लाही आणि २०१७ लाही. वाईट वर्षी खाली, पुढच्या चांगल्या वर्षी परत जागेवर. मेची रेघ मात्र उतरत गेली होती. नव्वदच्या दशकात आठ-नऊ मीटर, २००५ नंतर अकरा, मग बारा. मी तो कागद दादासमोर ठेवला. पाऊस कमी झाला असता तर आधी वरची रेघ पडली असती. खडक दर पावसाळ्यात पूर्वीइतकाच भरतोय. रिकामा मात्र लवकर होतोय.

मग आम्ही हिशेब केला. आमच्यासारख्या बेसॉल्टमध्ये शंभर लिटर खडकातून जेमतेम एक ते तीन लिटर पाणी निघतं. दोन धरू. एक हेक्टर रानाखाली पाण्याची पातळी दहा मीटरने वर आली, म्हणजे विहीर तळापासून काठोकाठ आल्यासारखी दिसली, तरी त्या हेक्टराखाली साठलेलं पाणी भरतं वीस लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण एका एकराला पाटाने सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर साधारण अडीच लाख लिटर लागतात. म्हणजे आठ पाळ्या. अडीच एकरांत वाटल्या तर एकराला तीन, फार तर सव्वातीन. एवढंच आमचं भांडं आहे. ते दरवर्षी भरतं हे आमचं भाग्य, आणि ते लहान आहे हे मान्य करायला आमची दुसरी पिढी गेली.

दादाने विहिरीला हात लावला नाही. बोअर मात्र घेतलं, जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पानाड्याने हातावरचा नारळ उभा राहिला म्हणून दाखवलेल्या जागी. चारशे वीस फूट. दीडशेच्या आसपास जरा ओल लागली, पुढे नुसता फुफाटा. रात्री दोन वाजेपर्यंत सगळ्यांच्या अंगावर राखेसारखी धूळ बसत होती आणि वहिनी ओट्यावर बसून होती, एक शब्द न बोलता. खाली पाषाण घट्ट होत जातो, सांधे-भेगा कमी होत जातात, एखादी भेग लागली तर नशीब. पन्नास हजारांवर रुपये त्या भोकात गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबरअखेरीला, कऱ्हेला पूर आला. ऑक्टोबरच्या मोजणीला आमच्या विहिरीत पाणी १.६० मीटरवर होतं. वाकून हात घालावा असं वाटायचं.

मला इथे एका जुन्या माणसाची आठवण येते. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी गोळा करायला नेमलं. तो पुण्याच्या आसपासचे खडक, पाऊस, पिकं, पक्षी सगळं टिपत हिंडला, आणि मुळा-मुठेतल्या माशांचं वर्णनही त्याने लिहून ठेवलं. १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या वर्णनांत त्याने इथल्या मासे धरणाऱ्यांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घातली. दख्खनच्या महसीर माशाचं नाव आजही तोर खुद्री आहे. आज आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रातला कुणी संशोधक पुण्याच्या नदीत काय उरलंय हे तपासायला बसला, तर तुलनेला त्याच्याजवळ ते वर्णन आहे. कुणीतरी, कधीतरी, नाव-ठिकाण घालून लिहून ठेवलं म्हणून. कंपनी सरकारचा हेतू काय होता तो भाग वेगळा, पण नोंद मी मौल्यवान मानते.

आमच्या विहिरीच्या बाबतीतही तेच. दादाने ती वीस फूट खाली नेली असती तर ती त्याची विहीर होती, कुणी अडवलं नसतं. साहेबांनी एवढंच सांगितलं होतं की काम कराल तर आधी कळवा, म्हणजे नोंदीत तारीख घालता येईल. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून कुठल्या तालुक्यात टंचाई येणार याचा अंदाज बांधतात. पाणलोट सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित हे ठरवतानाही असेच आकडे कामाला येतात.

आता अटल भूजल योजनेमुळे गावात पर्जन्यमापक आला, पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीत मांडला जाऊ लागला. काही ठिकाणी नळीत आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं बसली आहेत. मला त्याचा आनंद आहे. दादाने अंजिराला ठिबक केलं, उन्हाळी पालेभाजी बंद केली. मेची रेघ गेल्या तीन वर्षांत दहा ते अकराच्या दरम्यान आहे. तीन ठिपक्यांवरून मी काही बोलणार नाही.

या मे महिन्यात टेप धरायला भाची होती. तिचा आवाज ऐकायचा अंदाज चुकला, दोनदा सोडावी लागली. तिसऱ्यांदा टप् झालं. ११.०५, वजा ०.७५. तिने १०.३० लिहिलं, कालनिर्णयच्या मागच्या पानावर, आणि पान पिशवीत घातलं. ऑक्टोबरची तारीख अजून कळलेली नाही. कळली की आदल्या दुपारी मी वहिनीला फोन करणार आहे, मोटरीच्या किल्लीसाठी.