तासाचे किती?

"आई, तासाचे किती सांगू?" फोनवर हात ठेवून लेकीनं विचारलं आणि माझी पोळी तव्यावरच राहिली. लेक पंधरा वर्षांची. समोरच्या अमेरिकन बाईंना शनिवारी नवऱ्याबरोबर बाहेर जेवायला जायचं होतं, घरात चार वर्षांचा मुलगा. मी लाटणं हलवून 'काहीही सांग' अशी खूण केली. तिनं पंधरा सांगितले. पलीकडून इतक्या पटकन होकार आला, की फोन ठेवल्यावर ती हळहळली, "अठरा म्हणायला हवं होतं."

माझ्या डोक्यात मात्र गुणाकार सुरू झाला होता. न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन इतकी वर्षं झाली, तरी ही खोड जात नाही. चार तासांचे साठ डॉलर, पंच्याऐंशीच्या भावानं पाच हजार शंभर रुपये. शेजारचं पोर सांभाळायचे! सांगलीत आमच्या वाड्यात "जरा बाळाकडे बघ गं, मी दळण घेऊन येते" असं दिवसातून दोनदा ऐकू यायचं, आणि त्याचा मोबदला म्हणजे रव्याचा लाडू. तोही असला तर.

"आणि तो झोपल्यावरचे पैसे?" मी विचारलं. "तेव्हा तू नुसती मोबाइल बघत बसणार ना?"

"मग वॉचमन काय, लोक जागे असतानाचेच पैसे घेतो?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

बरं, भाव कायद्यानं ठरवावा म्हटलं तर तिथंही हात वर. 2025 साली न्यू जर्सीत किमान वेतन तासाला 15.49 डॉलर, अमेरिकी केंद्र सरकारचं 2009 पासून 7.25 वरच थिजलेलं. पण 1974 मध्ये घरकाम करणाऱ्यांना किमान वेतनाच्या केंद्रीय कायद्यात घेतलं, तेव्हाच अधूनमधून मुलं सांभाळणाऱ्यांना त्यातून वगळलं. न्यू जर्सीच्या कायद्यातही त्यांना तशीच सूट. त्यामुळे भाव ठरतो तो शाळेच्या बसमध्ये. दुसरं मूल असेल तर दोन डॉलर वर, रात्री बारानंतर आणखी थोडे, परत घरी सोडायला गाडी त्यांची. रेड क्रॉसचा बेबीसिटिंगचा कोर्स अकरा वर्षांपासूनच्या मुलांना करता येतो. लेकीनं तो केला. बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, हे ती मला उशीवर करून दाखवते आणि त्या सर्टिफिकेटचेही पैसे भावात धरते.

मुलांचं दुसरं काम, दारातला बर्फ काढण्याचं, त्या मानानं सरळ. ते उक्तं असतं, एका ड्राइव्हवेचे, म्हणजे घरासमोरच्या गाडीच्या वाटेचे, इतके. इथून जवळच, बाउंड ब्रुकमध्ये, 2015 च्या जानेवारीत दोन मुलं बर्फ काढून देण्याची पत्रकं घेऊन दारोदार फिरत होती, तर परवाना नाही म्हणून पोलिसांनी थांबवलं. त्यावरून एवढा गवगवा झाला, की पुढच्या वर्षी राज्यानं कायदाच केला: वादळाचा अंदाज असेल तर आधीच्या चोवीस तासांत बर्फ काढण्याचं काम मागत फिरायला परवाना लागणार नाही. फावड्याला असं सरकारी संरक्षण मिळालं, पण भाव ठरवताना होणारा संकोच कुठल्या कायद्यानं जायचा?

कारण खरी पंचाईत झाली ती आपल्या माणसांत. मंडळातल्या एक काकू, दोन नातवंडं, गणपतीच्या नाटकाची तालीम. लेक चार तास तिथं राहिली. निघताना काकूंनी पाठीवर हात फिरवला, "आपलीच आहे पोर," म्हणाल्या आणि हातात पाकीट ठेवलं. पाकिटात अकरा डॉलर. वाढदिवसाला देतात तसे, वरचा एक आठवणीनं घातलेला. लेकीला कळेना, ही मजुरी की आशीर्वाद?

तिला समजावताना माझीच फजिती झाली. काकूंचा हात आखडता नाही. माझ्या आजारपणात आठवडाभर त्यांनी डबा पाठवला होता आणि मी काही त्यांना तासाचे किती, असं विचारलं नव्हतं. पण ते देणंघेणं माझं आणि त्यांचं. ते लेकीच्या शनिवारातून का फेडायचं? हे मला पटलं, तरी काकूंना फोन करायचं धाडस होईना.

लेकीला झालं. पुढच्या तालमीच्या वेळी तिनं स्वतःच सांगितलं, "काकू, दोघं असले तर मी तासाला सतरा घेते." मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी. क्षणभर शांतता. मग स्पीकरवर काकूंचा मंडईतला ठेवणीतला आवाज आला, "पंधरा. जेवण माझ्याकडे."

"सोळा. जेवणात पुरणपोळी असेल तर पंधरा."

सौदा पंधरावर ठरला. लेक रात्री साठ डॉलर घेऊन आली, शिवाय घरी न्यायला पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर काकूंच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं.

असा डबा रिकामा परत करत नाहीत. तो धुऊन ओट्यावर ठेवलाय. शनिवारी शंकरपाळे करायला घेईन म्हणते. दोन तास तरी जातीलच. लेक त्या वेळी समोरच्या घरी असेल. आता तिथं अठरा घेते.