अठरा आणि अठरा

रात्री जेवणं उरकल्यावर चिऊ आलेख कागद घेऊन बसली, नववीची निर्देशक भूमिती, आणि मी म्हटलं पुस्तकातले बिंदू राहू देत, आपण कोरेगावच्या रानातला घेवड्याचा तुकडा काढू, तसंही डुकरं फार आत घुसायला लागलीत म्हणून आबांना तिथं जाळी मारायचीच आहे.

विहिरीचा कोपरा म्हणजे आरंभबिंदू, कागदावरचं एक घर म्हणजे ११ फूट. तुकड्याचे कोपरे (२,१), (८,१), (८,४), (२,४). पहिल्यांदा तिनं आकडे उलटे घेतले आणि आयत उभाच्या उभा वर गेला, पार शेजारच्यांच्या बांधापलीकडं. मग सांगितलं, अजिंक्यताऱ्यावर जाताना आधी पायथ्यापर्यंत चालतो ना, चढण नंतर, तसा एक्स आधी, वाय नंतर. ते लगेच बसलं डोक्यात.

पण खरी अडचण पुढंच होती. लांबी ६ घरं, रुंदी ३. क्षेत्रफळ १८. परिमिती काढली तर तीही १८! चिऊनं तीनदा मोजलं. "आई, म्हणजे दोन्ही एकच की गं." मला पटकन सांगताच येईना, शाळेत आम्हाला एवढंच माहीत होतं की 'चौरस' लिहायचं राहिलं की अर्धा मार्क जातो, का लिहायचं ते कुणी दाखवलंच नाही. शेवटी मी पेन्सिलनं आतलं एकच घर रंगवलं आणि त्याच्या चारी बाजूंना ११, ११ लिहिलं. ती बघत राहिली, मग हळूच म्हणाली, अगं हे तर १२१ झालं.

मग सगळं सुटलं. कडेचे १८ गुणिले ११, १९८ फूट. आतले १८ गुणिले १२१, २१७८ चौरस फूट. आबा पलंगावरनंच म्हणाले, "दोन गुंठं, बरोब्बर." त्यांचा गुंठा ३३ बाय ३३ चा, १०८९, तोंडपाठ.

जाळीवाल्यानं रनिंग फुटाला ९० रुपये सांगितलेत, म्हणजे १७,८२०. चिऊनं मुद्दाम क्षेत्रफळालाही ९० नं गुणून बघितलं, १,९६,०२० आलं, आणि ती मोठ्यानं ओरडली, आबा एवढ्याची जाळी नका घेऊ!

आता झोपताना विचारतीये की विहिरीमागचा तुकडा तिरका आहे तो कसा मोजायचा. दोन त्रिकोण पाडू म्हटलं. रविवारी टेप घेऊन रानात जायचं ठरलंय.