आइल ऑफ मॅन टीटी: कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

टीटी म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावरची मोटरसायकलींची शर्यत. बेटाची राजधानी डग्लस, तिथल्या ग्रँडस्टँडवर बसायचं असेल तर तिकीट काढावं लागतं. बाकी रस्त्याच्या कडेला, जिथे मनाई नाही तिथे, बहुतेक ठिकाणी फुकट बसता येतं. टीटी खास बांधलेल्या सर्किटवर होत नाही. गावांमधून, पबच्या दारावरून, शेताच्या दगडी भिंतींना लगटून जाणारा रोजच्या वापरातला रस्ता बंद करतात आणि त्यावरून गाड्या सोडतात. एक फेरी ६०.७ किलोमीटरची, १९११ पासून थोड्याफार फरकाने याच डोंगरावरून. २०२३ मध्ये पीटर हिकमनने ती ताशी १३६.३५८ मैलांच्या सरासरीने पूर्ण केली, म्हणजे जवळपास २१९ किलोमीटर. ही सरासरी आहे बरं का, गावातली काटकोनी वळणं धरून.

म्हणून आधीच सांगतो, नुसत्या गाडीचा फोटो काढायला इतक्या लांब जाऊ नका. फ्रेमभर गाडी आणि मागे पुसट हिरवं, असा फोटो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही मिळतो. इथे फ्रेममध्ये घर, भिंत, भिंतीवर बसलेली माणसं आली पाहिजेत. नाहीतर तो फोटो टीटीचा आहे हे खाली लिहून सांगावं लागतं.

जाण्याचं आधी. शर्यती मेच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, पहिला आठवडा मुख्यतः सरावाचा. आम्ही हेशमहून बोटीने गेलो, पावणेचार तासांच्या आसपास लागतात. गाडी घेऊन जायची असेल तर बोटीचं बुकिंग वर्षभर आधी बघा. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळवण्यासारखाच प्रकार आहे. मँचेस्टर, लिव्हरपूलहून विमानही आहे. ब्रिटनचा व्हिसा असेल तर बेटासाठी वेगळा लागत नाही. हॉटेलं कधीच भरलेली असतात, पण स्थानिक लोक त्या पंधरवड्यात घरातल्या खोल्या भाड्याने देतात आणि आम्हाला तेच बरं वाटलं. घरमालकीणबाईंनी सकाळच्या चहाबरोबर रस्ते किती वाजता बंद होणार तेही सांगितलं. मोबाइल कंपनीच्या ब्रिटनच्या प्लॅनमध्ये हे बेट येतं का ते निघण्याआधी विचारून घ्या. आणि बेटावरच्या मँक्स पौंडाच्या नोटा तिथेच संपवा, इंग्लंडातल्या दुकानात त्या सहसा घेत नाहीत.

एकदा रस्ता बंद झाला की तो ओलांडता येत नाही. मार्शल, म्हणजे रस्त्यावर देखरेख ठेवणारे स्वयंसेवक, पाय टाकू देत नाहीत. फेरीच्या आतल्या बाजूला अडकलात तर शर्यत संपेपर्यंत आतच. दुपारभरात चार जागा फिरू हा बेत घरीच सोडून या. एका सत्राला एक जागा, आणि तिथून कोणता फोटो हवा ते आधीच ठरलेलं असावं. याला एक चांगली पळवाट आहे ती मँक्स इलेक्ट्रिक रेल्वेची. जुनी लाकडी डब्यांची ही गाडी डग्लसहून लॅक्सीमार्गे रॅम्सीला समुद्राच्या बाजूने जाते, त्यामुळे रस्ते बंद असतानाही चालू असते. रॅम्सीच्या स्टेशनवरून पार्लमेंट स्क्वेअर चालत गाठता येतो.

तोच रॅम्सीचा चौक नवख्यांसाठी सगळ्यात चांगला. गाड्या इथे हळू होतात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, आणि मागे दुकानांच्या पाट्या, माणसांची गर्दी असते. पॅनिंगसाठी, म्हणजे कॅमेरा गाडीबरोबर फिरवत फोटो काढायला, शटर १/१२५ वर ठेवा. पाय फोटो काढायच्या दिशेला रोवा, कमरेतून मागे वळून गाडीला पकडा आणि तिच्याबरोबर फिरत या. बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. नजर हेल्मेटवर. हेल्मेट धारदार आलं तर बाकी हललेलं चालतं. १/१००० वर बाजूने काढलात तर चाकांचे आरे गोठतात आणि ताशी दीडशेची गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. उन्हात १/१२५ ठेवताना अॅपर्चर एफ/१६ पर्यंत जातं आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी आकाशात उमटते. लेन्सवर लावायचा, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर जवळ ठेवा.

बॅलाफ ब्रिजवर मात्र उलटा हिशेब. उंटाच्या पाठीसारखा छोटा पूल, त्यावरून गाडी उडते आणि क्षणभर दोन्ही चाकं हवेत. इथे १/१२५० किंवा त्याहून जलद, कारण टायरखालची मोकळी फट हाच फोटो आहे. कठड्यावर आधी फोकस लावून ठेवा. शक्यतो मेकॅनिकल शटर वापरा. साध्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरने चाकं अंड्यासारखी लांबट येतात आणि ती नंतर सरळ करता येत नाहीत.

रायडर दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात. त्यामुळे फ्रेममध्ये बहुधा एकच गाडी येते, आणि प्रत्येक गाडी तुमच्यासमोरून शर्यतीत साधारण तीन ते सहा वेळाच जाते. पहिल्या फेरीत नेहमीचा फोटो काढून घ्या, पुढच्या फेऱ्यांत प्रयोग करा. साइडकार, म्हणजे रायडरबरोबर पॅसेंजर असलेली तीनचाकी गाडी, चुकवू नका. वळणावर पॅसेंजरचं अंग रस्त्यापासून काही इंचांवर लोंबकळत असतं, तो फोटो दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळणार नाही.

उजेड संध्याकाळच्या सरावाला सुरेख मिळतो. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो. पण डोंगरावर धुकं उतरलं की बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि सगळं थांबतं. स्थानिक लोक म्हणतात, मनॅनन देवाने झगा पांघरला. २०२५ ची सीनियर, म्हणजे शेवटची मुख्य शर्यत, वाऱ्यामुळे रद्दच झाली. एखादा दिवस जास्तीचा ठेवा, आणि जवळपासच्या चर्चमधला चहा-केक ठरवूनच खा.

भिंतीच्या पुढे लेन्स काढू नका, मनाईच्या पाटीपलीकडे बसू नका. या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त जीव गेले आहेत. अपघाताचे फोटो आमच्याकडून टाकले जाणार नाहीत, तुम्हीही टाकू नका; घरच्यांना कळण्याआधी ते फोनवर फिरतात.

आता घरी आल्यावरचं काम. आधी फक्त रद्दी काढा: हेल्मेट १०० टक्क्यांवर बघायचं, हललं असेल तर फोटो कितीही आवडता असो, गेला. मग क्षितिज. डोंगरातला रस्ता तिरकाच असतो, त्याच्या आधाराने फोटो सरळ करायला गेलात तर घरं कलंडतात. घराचा कोपरा किंवा विजेचा खांब उभा करा, उतार आपोआप खरा दिसतो. कापताना गाडीपुढे जागा सोडा. फोनसाठी उभा ४:५ कापायचा मोह होतो, पण त्यात नेमकी ती दगडी भिंत जाते. मी आडवाच ठेवतो.

रंगात एकच गोष्ट छळते, रायडरच्या कपड्यांवरचे निऑन केशरी आणि लाल. वेबसाठी फोटो एसआरजीबी या रंगपद्धतीत बदलल्यावर त्यांचे सपाट डाग होतात, शिवणी आणि सुरकुत्या नाहीशा. फक्त त्या रंगाचं सॅच्युरेशन आणि उजळपणा थोडा खाली आणा, एक्स्पोजरला हात लावू नका. मग लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेगचा दर्जा ८० च्या आसपास, आणि शार्पनिंग आकार लहान केल्यावरच. पॅनिंगच्या फोटोत शार्पनिंग गाडीपुरतंच ठेवा, नाहीतर मागच्या रेषा करवतीसारख्या दिसू लागतात.

शेवटी फाइलच्या माहितीतच गाडीचा नंबर, रायडर, गट आणि जागा लिहून टाका, कार्यक्रमपत्रिका हाताशी आहे तोवर. पुढच्या वर्षी तोच नंबर दुसऱ्या कुणाच्या गाडीवर असू शकतो. फोटो विकायचा विचार असेल तर आयोजकांचे नियम आधी वाचा.