‘मग जा की तिकडेच राहायला!’

समाजवाद की भांडवलशाही, हा वाद कुठे जाऊन संपणार हे आधीच ठाऊक असते. कंपन्यांच्या नफ्यावर कुणी बोट ठेवले की ‘मग क्युबाला जा’, आणि सरकारी कारखान्यांना कुणी नावे ठेवली की ‘भांडवलदारांचा दलाल’. एकाने दार दाखवले, दुसऱ्याने हेतूवर चिखल उडवला. मूळ प्रश्न जिथल्या तिथेच.

यातला ‘निघून जा’ हा सल्ला मजेदार आहे, कारण तो खास बाजारातला आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये हे छान उलगडून दाखवले. साबण आवडला नाही तर गिऱ्हाईक दुकानदाराशी वाद घालत बसत नाही, दुसरा साबण घेते. पण देश असा सहज बदलता येत नाही, आणि बहुतेकांना बदलायचाही नसतो. जिथून निघून जाता येत नाही किंवा जावेसे वाटत नाही तिथे माणूस बोलतो. निष्ठा जितकी जास्त, तितका तो थांबतो आणि बोलत राहतो. पूर्व जर्मनीने हे उलटे करून पाहिले. बोलायला बंदी होती, त्यामुळे 1961 पर्यंत 25 लाखांहून जास्त लोक पश्चिमेला निघून गेले. मग जाण्याचा रस्ता बंद करायला भिंत बांधावी लागली.

आता मूळ वादाकडे. ‘समाजवाद’ आणि ‘भांडवलशाही’ हे दोन शब्द वापरले की किमान चार वेगळे प्रश्न एका पोत्यात कोंबले जातात. जमीन, कारखाने, बँका यांची मालकी कुणाची? किमती कोण ठरवतो? कमाईतला किती भाग कराच्या वाटेने फिरवून वाटायचा? आणि तोटा झाला तर तो कुणाच्या अंगावर? चारही उत्तरे एकाच दिशेची असतील असे मुळीच नाही. सिंगापूरचा व्यापार जगातल्या सर्वांत खुल्या व्यापारांपैकी, पण तिथली बहुतांश जमीन सरकारची आणि चारपैकी तीन रहिवासी सरकारी यंत्रणेने बांधलेल्या घरांत राहतात. डेन्मार्कमध्ये कर भरपूर, पण किमान वेतनाचा कायदा नाही. पगार कामगार संघटना आणि मालक आपसांत ठरवतात. 2015 मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी हार्वर्डमधल्या भाषणात मुद्दाम सांगितले होते की आमचा देश समाजवादी नाही, बाजार अर्थव्यवस्थेचा आहे. समाजवादी युगोस्लाव्हियात 1950 नंतर कारखाने कामगार मंडळांकडे सोपवले गेले आणि माल मात्र बाजारात विकला जाई. म्हणून समोरच्याला पहिला प्रश्न हा विचारावा: चारपैकी कशाबद्दल बोलतो आहेस? निम्मे वाद इथेच विरघळतात. उरलेले खरे असतात.

त्यातला सर्वांत खोल वाद किमतीचा. बाजाराचे पाठीराखे अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी 1920 मध्ये आक्षेप घेतला की उत्पादनाची सगळी साधने एकाच मालकाची झाली तर त्यांची खरेदी-विक्री थांबते. मग किंमत उरत नाही, आणि किंमत नसेल तर पोलाद रुळांना वापरावे की यंत्रांना, याचा हिशेबच मांडता येत नाही. ऑस्कर लांगे या समाजवादी अर्थतज्ज्ञाचे 1930च्या दशकातले उत्तरही तोडीस तोड होते: नियोजन मंडळाने अंदाजे किंमत लावावी, टंचाई दिसली की वाढवावी, माल साचला की उतरवावी, बाजार तरी वेगळे काय करतो? त्यावर 1945 मध्ये मिझेस यांच्याच बाजूचे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक म्हणाले की लागणारी माहिती एका जागी नसतेच. ती लाखो लोकांच्या डोक्यांत तुकड्यातुकड्याने असते आणि बरीचशी कागदावर उतरतच नाही.

आजकाल यावर ‘संगणक करेल की गणित’ असे उत्तर येते. गणित तो करेल. अडचण गणितात नसून गणिताला पुरवलेल्या आकड्यांत आहे. सोव्हिएत कारखान्याच्या व्यवस्थापकाने 100चे उद्दिष्ट असताना 110 काढून दाखवले की पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट 110 होई. त्यामुळे शहाणा व्यवस्थापक 102 वर थांबे, कच्चा माल गरजेपेक्षा जास्त मागे आणि खरी क्षमता लपवून ठेवी. तो लबाड होता असे नाही. खोटे बोलणे त्याच्या फायद्याचे ठरेल अशीच ती रचना होती.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी याच घराण्यातला दुसरा रोग दाखवला. तोटा झाला तरी कुणीतरी भरून देईल, ही खात्री असली की कारखाना हात आखडत नाही. समाजवादाच्या विरोधकांना हा मुद्दा फार आवडतो. पण 2008 मध्ये अमेरिकी काँग्रेसने वित्तसंस्थांना सावरण्यासाठी 700 अब्ज डॉलरपर्यंतच्या रकमेला मंजुरी दिली, तेव्हा रोग तोच होता, फक्त रुग्ण बदलला होता. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, याला कुठल्याच पुस्तकी व्याख्येत भांडवलशाही म्हणत नाहीत. व्यवहारात मात्र ती तशी चालते.

तुलना करताना होणारी नेहमीची चूक म्हणजे आपल्या बाजूचे स्वप्न आणि समोरच्याच्या बाजूचे वास्तव शेजारी ठेवणे. वास्तवाशी वास्तवच ताडावे, आणि तेही नीट निवडून. पूर्व-पश्चिम जर्मनीची जोडी चांगली आहे: भाषा एक, इतिहास एक, वाटा वेगळ्या. तिथे पश्चिम जिंकली यात वाद नाही. पण जिंकलेल्या पश्चिम जर्मनीत 1976च्या कायद्याने 2,000हून अधिक कामगारांच्या कंपन्यांत व्यवस्थापनावर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या होत्या, हेही त्याच वाक्यात सांगावे लागते.

दुष्काळांची जोडी याहून बोलकी. 1943च्या बंगालमध्ये धान्य होते. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की आधीच्या काही वर्षांच्या मानाने साठा फार घटलेला नव्हता. भाव भडकले, शेतमजुरांची मजुरी मागे पडली आणि ज्यांच्या हातात पैसा नव्हता ते मेले. बाजाराला भूक दिसत नाही, पैशासकटची भूक दिसते. चीनमध्ये 1959 ते 1961 या काळात याहून कितीतरी जास्त माणसे गेली, ती नियोजनाखाली. गावांनी पिकाचे आकडे फुगवून कळवले आणि सरकारने त्या फुगलेल्या आकड्यांवर धान्य वसूल केले. व्यवस्था दोन टोकांच्या. पण दोन्हीकडे सत्तेला जाब विचारण्याची सोय नव्हती. एकीकडे वसाहतीचे राज्य, दुसरीकडे एका पक्षाचे.

असहमतीचा प्रश्न असा थेट अर्थशास्त्रात शिरतो. जुलै 1959 मध्ये लुशान इथल्या पक्षाच्या बैठकीत चीनचे संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओंना खासगी पत्र लिहिले. सुरुवातीला माओंच्या ‘मोठी झेप’ या उत्पादनवाढीच्या मोहिमेचे कौतुक केले, मग फुगवलेले आकडे आणि परसातल्या लोखंडाच्या भट्ट्यांवरची उधळपट्टी सांगितली. हा माणूस कोरियाच्या युद्धात चिनी फौजेचा सेनापती होता, पक्का कम्युनिस्ट होता. माओंनी ते पत्र छापून सर्वांना वाटले, पेंग यांच्यावर पक्षविरोधाचा शिक्का बसला आणि पद गेले. मग खरा आकडा सांगायची हिंमत खालच्या कुणाला होणार? दुष्काळाचा सर्वांत भीषण काळ त्यानंतरचा आहे.

भांडवलशाही देशाची पाटी कोरी आहे असे समजू नये. 16 जून 1918 रोजी अमेरिकेत, ओहायोतल्या कँटन गावी समाजवादी नेते यूजीन डेब्स यांनी महायुद्धाविरुद्ध भाषण केले. बॉम्ब नाही, कट नाही, नुसते भाषण. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम ठेवली. 1920 मध्ये तुरुंगातून अध्यक्षपदाची निवडणूक लढवून त्यांनी नऊ लाखांवर मते मिळवली. नंतर शिक्षा कमी होऊन ते 1921च्या नाताळात सुटले. पेंग यांना अशी निवडणूक मिळाली नाही, हा फरक लहान नाही. पण दोघांवरचा आरोप एकच होता: व्यवस्थेवर टीका म्हणजे देशावर घाव.

टीका नेमकी कशावर आहे हे पायरीपायरीने पाहिले तर हा आरोप सहसा टिकत नाही. धोरण, सरकार, आर्थिक व्यवस्था, राज्यसंस्था आणि लोक या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तिघांवरची टीका, कितीही कडवट असली तरी, देशाविरुद्धची नव्हे. चौथ्या पायरीवर रीत महत्त्वाची: उघडपणे, नावानिशी, हिंसा न करता आणि शिक्षा झाली तर ती भोगायची तयारी ठेवून. चोरून शत्रूला माहिती देणे ही असहमती नसून हेरगिरी आहे. तिला वेगळे कलम असते. गोंधळ होतो तो सत्ताधारी आपल्याला पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर नेऊन बसवतात तेव्हा.

हा वाद धडपणे कसा होतो ते पाहायचे तर स्वीडन पाहावे. 1976 मध्ये तिथल्या कामगार महासंघाने आपले अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांची योजना स्वीकारली: मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या 20 टक्के मोलाचे नवे शेअर कामगारांच्या निधीला द्यायचे. काही दशकांत मालकीच पालटली असती. 1983 मध्ये हजारो उद्योजक स्टॉकहोमच्या रस्त्यावर मोर्चाने उतरले. खुद्द समाजवादी अर्थमंत्री संसदेत बसून या निधीला शिव्या देणाऱ्या ओळी खरडत होते आणि छायाचित्रकाराने त्या टिपल्या. पातळ केलेला कायदा तरीही मंजूर झाला. 1991 मध्ये सरकार बदलले आणि निधी गुंडाळला गेला. कुणालाही तुरुंगात जावे लागले नाही.

भारताच्या संविधान सभेत 15 नोव्हेंबर 1948 रोजी सदस्य के. टी. शहा यांनी राज्यघटनेत ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवायचे. आजच बांधून ठेवले तर त्यांचे ते स्वातंत्र्यच जाते, असा त्यांचा मुद्दा. आणि हे बोलणारा माणूस समाजवादाचा विरोधक नव्हता. 1947च्या स्वतःच्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती सरकारी मालकीची करावी, तेही घटनेतच लिहून, असे सुचवले होते. त्यांची ही दोन मते एकमेकांशी भांडतात आणि ते भांडण मुळातून वाचण्यासारखे आहे. 1976 मध्ये तो शब्द उद्देशिकेत आलाच. 1989 पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-अ नुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. संपूर्ण खुल्या बाजाराचा प्रचार करण्यासाठी पक्ष काढायचा असला तरी हे आधी लिहून द्यायचे.