तुम्ही विचारलंत म्हणून: सैन्यातून उतरलेलं १९११ घ्यावं का?

अमेरिकेत स्थायिक झालेली आणि रेंजवर जायला लागलेली मराठी मंडळी हमखास विचारतात : "अमेरिकन सैन्याने काढून टाकलेली .४५ची जुनी '१९११' मॉडेलची पिस्तुलं सरकारी योजनेत मिळतात म्हणे. घ्यावं का? आणि कोणत्या ग्रेडचं?"

घ्या, पण कशासाठी हवंय ते आधी ठरवा. नेमबाजीसाठी हवं असेल तर सगळ्यात स्वस्त ग्रेड पुरतो. 'फॅक्टरीतून निघालं तसंच्या तसं' हवं असेल तर या वाटेला जाऊ नका.

मुळात ही योजना सरकारी नाही. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी, ही अमेरिकी संसदेच्या सनदेने १९९६ साली स्वतंत्र झालेली ना-नफा संस्था आहे. सैन्य पिस्तुलं तिच्याकडे सोपवतं. अलाबामातल्या ॲनिस्टनमध्ये ती तपासली, दुरुस्त केली आणि गोळ्या झाडून पाहिली जातात, मग विकली जातात. २०१८च्या पहिल्या फेरीत रॅक ग्रेड ८५० डॉलर, फील्ड ९५० आणि सर्व्हिस १०५० असा दर होता. अर्ज पोस्टाने मागवले होते आणि क्रमांक यादृच्छिक पद्धतीने लावले होते. दर आणि नियम फेरीगणिक बदलतात, म्हणून अर्जाआधी चालू फेरीचे नियम वाचाच.

ग्रेडमधला फरक मुख्यतः अंगावरच्या खुणांचा. सर्व्हिस आणि फील्ड ही दोन्ही 'सैनिकाला देण्याजोगी'. फील्डवर थोडा गंजही दिसू शकतो. रॅक ग्रेडवर गंज, खड्डे आणि झीज असणारच, मुठीच्या पट्ट्या तडकलेल्या असू शकतात आणि किरकोळ काम करावं लागतं, पण पिस्तूल चालतं. स्प्रिंगा आणि पट्ट्या मिळून, सर्व्हिसपेक्षा वाचलेल्या दोनशे डॉलरांतला थोडाच भाग खर्च होतो. उरलेल्याच्या गोळ्या घ्या.

'मूळचं' हा हट्ट का सोडायचा? सैन्याची १९११ची खरेदी १९४५मध्ये थांबली आणि तिच्या जागी बेरेटा एम९ हे पिस्तूल आलं १९८५मध्ये. मधली चाळीस वर्षं हीच पिस्तुलं शस्त्रागारात जात, सुटी होत, भाग ट्रेमध्ये पडत आणि हाताला येईल त्या भागांतून पुन्हा जुळत. त्यामुळे फ्रेम (मुठीसकट खालचा सांगाडा) रेमिंग्टन रँडची, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) कोल्टची, बॅरल तिसऱ्याच कंपनीचं, हे सर्रास दिसतं. स्लाइडवर ७७९०३१४ किंवा बॅरलवर ७७९११९३ दिसलं तर तो युद्धानंतर बदललेला सुटा भाग समजा. तो जास्त नवा असल्याने नेमबाजाला उलट फायद्याचाच. फ्रेमवर 'एए' किंवा 'आरआयए' असेल तर पिस्तूल ऑगस्टा किंवा रॉक आयलंड शस्त्रागारात दुरुस्त झालेलं आहे. संग्राहकाला मजा आहे ती हे वाचण्यात. रेमिंग्टन रँड टाइपरायटरवाले, युनियन स्विच अँड सिग्नल रेल्वेच्या सिग्नलवाले, आणि घराघरांत शिलाई मशीन पोचवणाऱ्या सिंगरने तर फक्त ५०० पिस्तुलं केली. म्हणूनच बाजारात कुणी 'सिंगर' दाखवलं तर आधी ते खोटं धरून चाला.

कागदपत्रांत लोक अडकतात. सीएमपीला अमेरिकी नागरिकत्वाचा पुरावा लागतो. ग्रीन कार्डवर दुकानातून पिस्तूल घेता येतं, इथून नाही. शिवाय सीएमपीशी संलग्न क्लबचं सदस्यत्व आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. पिस्तूल घरी येत नाही, परवानाधारक डीलरकडे जातं. संग्राहकांचा ०३ क्रमांकाचा परवाना इथे चालत नाही. पार्श्वभूमी तपासणी दोनदा होते, एकदा सीएमपीकडे आणि एकदा डीलरकडे, आणि डीलरकडून घ्यायला वय २१ हवं. डीलरला हस्तांतराची फी आणि तुमच्या राज्याचे निर्बंध आधीच विचारा. एच-१बी व्हिसावर असाल तर विषय वेगळाच. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगणंच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राच्या नावावर घेऊन वापरू, हा विचारही नको.

पिस्तूल हातात आलं की डीलरच्या टेबलावरच, त्याला सांगून, तपासा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, नजर आणि करंगळी दोन्ही घाला. फ्रेमच्या डाव्या रुळावर, स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडवणाऱ्या कळीच्या) वरच्या बाजूला, भिंगाने तडा बघा. स्लाइडला काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीचे कोपरे बघा. तिथे तडा असेल तर ती स्लाइड वापरायची नाही. स्लाइड बंद करून बॅरलचा खिडकीतून दिसणारा मागचा भाग अंगठ्याने दाबा. तो खाली बसला तर लिंक (बॅरल फ्रेमला जोडणारी कडी) किंवा बॅरलचे खालचे कान झिजलेत. तोंडाशी बॅरल जरा हललं तर घाबरू नका, सैनिकी पिस्तूल चिखलातही चालावं म्हणून सैल असतंच.

आता सेफ्टी. पिस्तूल रिकामंच, घोडा पूर्ण मागे, अंगठ्याची सेफ्टी वर. चाप जोरात ओढून सोडा. सेफ्टी खाली करा आणि पिस्तूल कानाशी नेऊन घोडा अगदी सावकाश आणखी थोडा मागे ओढा. बारीकसा 'टिक' ऐकू आला तर सेफ्टी चढवलेली असतानाही सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा भाग, हलला होता. भाग जुळवून घेतल्याशिवाय असं पिस्तूल भरायचं नाही. मग स्लाइड तीनचार मिलिमीटर मागे धरून चाप ओढा, घोडा पडता कामा नये. ही डिस्कनेक्टरची, म्हणजे स्लाइड पूर्ण बंद नसताना चाप निकामी ठेवणाऱ्या भागाची चाचणी. ती फसली तर एका चापात अनेक गोळ्या सुटू शकतात. मुठीमागची सेफ्टी न दाबता चाप ओढूनही बघा, तेव्हाही घोडा पडता कामा नये.

घरी आणल्यावर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) १६ पौंडांची नवी घाला, फायरिंग पिनची स्प्रिंगही बदला. नवी मॅगझिनं घ्या आणि त्यांवर रंगाने क्रमांक टाका. अडकण्याच्या बहुतेक तक्रारी एकाच क्रमांकापाशी येऊन थांबतात. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नसेल तर आधी मॅगझिनची स्प्रिंग बघा. रिकामं काडतूस खिडकीत उभं अडकत असेल तर मनगट सैल आहे का ते बघा, मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस चेंबरमधून ओढून काढणारा भाग. हा एक्स्ट्रॅक्टर एकाच पोलादी पट्टीचा असतो. चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून स्लाइड सोडायची सवय असेल तर त्याचा आकडा झिजतो आणि तुटतोही. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच जाऊ द्या.

गोळी २३० ग्रेनची, गोल नाकाची, साध्या दाबाची. युद्धकाळातल्या स्लाइडचा सगळा भाग कडक केलेला नसतो, म्हणून जास्त दाबाची '+पी' काडतुसं नकोत. पोकळ टोकाची बऱ्याच वेळा अडकतात, कारण काडतूस चेंबरमध्ये चढतं तो उतार (रॅम्प) त्यांच्यासाठी घडलेलाच नाही. पन्नासच्या दशकाआधीची सैनिकी काडतुसं मिळाली तर ती गंज आणणारी धरा. त्यांच्या टोपीतल्या (प्रायमरमधल्या) क्लोरेटचं मीठ बॅरलमध्ये उरतं आणि हवेतलं पाणी ओढतं. तेलाने ते जात नाही. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने बॅरल धुवा, कोरडं करा, मग तेल लावा.

पॉलिश किंवा नवा मुलामा मात्र देऊ नका. विकायच्या वेळी फटका तिथेच बसतो. बदललेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा, सीएमपीचे कागद त्याच्यासोबत. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये कितीही शोभून दिसलं तरी महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पोलाद त्याच आकारात गंजतं.

पुण्या-ठाण्याहूनही हाच प्रश्न येतो. तिथे सैनिकी पिस्तुलांचे नियम वेगळेच : ९ मि.मी.ची सैनिकी पिस्तुलं प्रतिबंधित बोअरमध्ये (साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या प्रकारात) मोडतात आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं बाळगता येतात. नेमबाजी करायची असेल तर बालेवाडीत १० मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करा.