नाणेघाटात गणिताचा तास

सातवाहन म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर राज्य करणारं घराणं; पण ‘रिकाम्या जागा भरा’मधला एक शब्द, एवढीच आमच्या वर्गातल्या मुलांची त्याच्याशी ओळख. म्हणून हिवाळ्यात नाणेघाट गाठला: जुन्नरजवळची जुनी घाटवाट, जिथल्या लेण्यात सातवाहनांचा लेख आहे. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने मुरबाड, टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे येतं. थोडं पुढे उतरून पायवाटेला लागायचं. वाट मळलेली आहे, पण शेवटच्या दगडी पायऱ्या चांगलाच घाम काढतात.

लेणं घाटाच्या तोंडाशीच आहे. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजे सिमुक आणि सातकर्णी, त्याची राणी नागनिका वगैरेंच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा, बस्स. डाव्या-उजव्या भिंतींवर मोठा लेख: ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, नागनिका राणीच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा. १,७०० गाई, १० हत्ती, कुठे २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. गेले होते इतिहासासाठी, अडकले आकड्यांत! दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हं, शून्य नाहीच. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हालाच सात जोडायचा. म्हणजे हजाराचं एक आणि सातशेचं एक, अशा दोन चिन्हांत १,७०० आटोपतात.

वर्गात फळ्यावर ही चिन्हं काढून दिली. एकीने विचारलं, “बाई, मग १,७०७ मधलं शून्य कुठे लिहायचं?” स्थानिक किंमत शिकवायला याहून चांगला प्रश्न मला तरी सुचला नसता.

जाणाऱ्यांनी चांगली बॅटरी घ्या. उजेड समोरून मारला तर अक्षरं दिसत नाहीत; भिंतीलगत तिरपा धरा, खाचा लगेच उठून दिसतात. अक्षरांत खडू भरू नका, पाणी तर मारूच नका. लेखाचं छापील वाचन सोबत असू द्या, नाहीतर मुलं पाच मिनिटांत सेल्फीकडे वळतात. डबे पिशवीत बंद ठेवा, माकडं फार धीट आहेत.

वर पठाराच्या बाजूला दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सगळे सांगतात. लेखात त्याचा उल्लेख नाही, हेही मुलांना सांगा. ऐकीव आणि कोरीव यातला फरक तिथेच समजावता येतो.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुलांना नेऊ नका. धुकं, निसरडं आणि गर्दी. लहान मुलांचा वर्ग असेल तर जुन्नरहून घाटघरमार्गे या. गाडी पठारावर येते, लेण्यापर्यंत थोडंच उतरावं लागतं आणि परतताना लेण्याद्रीही होतं.