गाडीतलं ब्लूटूथ काढून टाका

ब्लूटूथ बसवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आमच्याकडे रोज येतं. काढून टाका म्हणणाऱ्या त्या डॉक्टर मॅडम पहिल्याच.

सांगली-मिरज रस्त्यावर आमचं गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. मी तिथं वायरिंग आणि स्टिरिओचं काम बघतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि हातात फोन धरून गाडी चालवणं थेट धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात आलं. त्यानंतर जुन्या गाड्यांत ब्लूटूथचा स्टिरिओ बसवून घेणारे बरेच वाढले. मॅडमच्या छोट्या गाडीतला सेटही मीच बसवला होता, माइक आरशाजवळ नेऊन, वायर अस्तराखालून ओढून. त्यामुळे त्या आल्या त्या माझ्यावर रागावूनच आल्या.

तक्रार अशी, की सकाळी घरी पेशंटचा फोन येतो, त्या उचलतात आणि काहीच ऐकू येत नाही. पलीकडच्यालाही यांचा आवाज जात नाही. पहिल्यांदा त्यांनी नेटवर्कला दोष दिला आणि सिमची कंपनी बदलली. मग मोबाइलवाल्यानं कानाचा स्पीकर बदलला. त्याचे पैसे घेतले, फरक शून्य. शेवटी घरातल्या कुणीतरी सुचवलं, की फोनला गाडीची सवय लागलीय, ते ब्लूटूथच काढून टाका.

मी गाडीत बसून फोन लावून बघितला. आवाज स्वच्छ, दोन्हीकडून. मग विचारलं, “मॅडम, हे नेमकं कधी होतं?”

“सकाळी. आठच्या पुढं-मागं.”

“रोज?”

त्या थांबल्या. “रविवारी नाही होत,” म्हणाल्या. मग जरा चिडूनच आणखी एक गोष्ट सांगितली. एका पेशंटची सासू ओपीडीत सगळ्यांसमोर म्हणाली होती, “मॅडम, तुम्ही अंघोळीला गेला होता वाटतं, नुसता पाण्याचा आवाज येत होता.” दुसऱ्या एकीनं सांगितलं, फोन कुणा पुरुषानं घेतला आणि ‘मॅडम वर हायत’ म्हणून गप्प बसला. तेव्हा डॉक्टरसाहेब तर कृष्णाकाठाला फिरायला गेलेले, स्वतःचा फोन खिशात घेऊन.

फोन बिघडला तर खरखर होईल, शांतता होईल. पाण्याचा आवाज आपणहून काढणारा फोन मी अजून बघितलेला नाही. मी त्यांच्या फोनमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. कानातले इअरबड, घड्याळ, त्यांची गाडी आणि त्याच्या खाली आणखी एका गाडीचं नाव.

“ही कुणाची?”

“साहेबांची. दिवाळीत गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा गाण्यांसाठी जोडला होता. पण मी त्या गाडीत बसतच नाही.”

मॅडमना बसायची गरजच नव्हती. एकदा जोडी लागली, की फोन आणि गाडी दोघंही आपापल्याकडे एक गुप्त किल्ली साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी कुणाला न विचारता एकमेकांना ओळखतात. गाडीची चावी फिरवली, सिस्टीमला करंट मिळाला, की गाडी यादीतला पहिला फोन शोधते. तो नाही मिळाला तर दुसरा. साधारण दहा मीटरच्या टप्प्यात कुठंही चालतो. भिंत आणि स्लॅबमुळे टप्पा कमी होतो, पण पोर्चच्या बरोबर वरच्या खोलीतला फोन सहज सापडतो. मॅडमची खोली कुठं आहे ते विचारलं. पोर्चच्या बरोबर वर.

तरी दुकानात बसून असं कुणाला सांगणं बरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामबागेतल्या त्यांच्या बंगल्यावर गेलो. मला वरच बसवलं, चहा आला. थोड्या वेळानं मॅडमचा फोन वाजला. त्यांनी सवयीनं उचलून कानाला लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली: काही नाही. मी म्हटलं, कानाचा काढा आणि स्क्रीन बघा. स्पीकरच्या खुणेच्या जागी ब्लूटूथची खूण आणि खाली साहेबांच्या गाडीचं नाव. इतके दिवस ते तिथंच लिहिलेलं होतं. पण कानाला लावलेल्या फोनची स्क्रीन कोण बघतं?

मी जिना उतरून पोर्चमध्ये गेलो. गाडीचे चारही दरवाजे उघडे, बादली, पाइप चालू. पाणी मारणारे ड्रायव्हर मामा मात्र गाडीपाशी नव्हते. फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. गाडीत वाकलो. अगदी बारीक आवाजात एक बाई बोलत होती. सातवा महिना, रात्रीपासून अंगावरून जातंय, काय करू. पुन्हा पुन्हा “हॅलो, मॅडम” म्हणत होती.

मी किल्ली फिरवून बंद केली. फोन कट होत नाही, आवाज फक्त मोबाइलमध्ये परत जातो. वरून लगेच मॅडमचं बोलणं ऐकू आलं, “हां, बोल, ऐकतेय मी. किती जातंय? तशीच निघ, आत्ता अ‍ॅडमिट हो.”

मामांना आत बोलावलं. गाडी धुताना ते रेडिओ लावतात, म्हणून किल्ली अर्धी फिरवलेली. पहिल्यांदा रेडिओ बंद पडून मधेच बाईचा आवाज आला तेव्हा दचकले. एकदा न राहवून उत्तरही दिलं. ‘मॅडम वर हायत’ म्हणणारे तेच.

“मग सांगितलं का नाही मामा?”

“काय सांगायचं? बायकांच्या आतल्या गोष्टी असत्यात. मी ऐकल्या म्हणून सांगू व्हय? आवाज बारीक करायचा आणि भाईर जाऊन हुबारायचं.”

साहेबांना सांगायचा विचारही आला होता म्हणे, पण नोकरीची भीती वाटली. मालकांच्या घरातलं बोलणं ड्रायव्हर ऐकतो, असा अर्थ निघाला असता. माझ्या मते त्यांचं चुकलं, कारण त्या बारीक केलेल्या आवाजात एखादी बाई खरंच अडली असती. पण त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

एवढ्यात साहेब फिरून आले. त्यांचं म्हणणं, जोडी तोडू नका, प्रवासात हिच्या फोनवरची गाणी लागतात. तसं करता येतं. फोनमध्ये त्या गाडीच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये कॉल आणि मीडिया यांची बटणं वेगळी असतात. कॉलचं बंद केलं, की गाडीला गाणी मिळतात आणि बोलणं मोबाइलमध्येच राहतं.

ते दाखवताना मी गाडीच्या स्क्रीनवर फोनबुक उघडलं आणि मॅडमचा चेहरा उतरला. त्यांची नावं ठेवायची पद्धत डॉक्टरी होती. बाईचं नाव, पुढं गाव, पुढं महिना, काहींच्या पुढं त्याहून नाजूक काही. जोडी लावताना ‘संपर्क आणि कॉलची नोंद वापरू द्यायची का’ असं फोन विचारतो, आणि घाईत सगळे हो म्हणतात. मग फोन जोडला गेला, की गाडी सगळी यादी उतरवून घेते.

“गाणी गेली खड्ड्यात, हे सगळं काढा,” मॅडम म्हणाल्या. साहेब काही बोलले नाहीत.

फोनमधून काढलं आणि गाडीतूनही काढलं. लोक एकीकडचं काढतात आणि निघतात. मग दुसऱ्या बाजूला ती नोंद तशीच पडून राहते. सेकंडहँड गाड्यांत तर आधीच्या मालकाच्या अख्ख्या घरादाराचे फोन सापडतात, आणि काही सिस्टीममध्ये त्यांची नावं-नंबरही. मॅडमच्या स्वतःच्या गाडीतही संपर्क बंद करून दिले. ब्लूटूथ काढायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

निघताना माझं लक्ष मामांच्या हातातल्या फोनकडे गेलं. दिवसभर साहेबांची गाडी तेच चालवतात, आणि गाडीच्या यादीत घरातल्या सगळ्यांचे फोन होते, फक्त त्यांचा नव्हता. मी मॅडमना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, “जोडा की. मीच दिवसातून दहा वेळा फोन करते त्यांना.”

दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे आले. पूर्वीचे सेट ०००० किंवा १२३४ मागायचे. २००७ च्या ब्लूटूथ २.१ पासून हे आकडे जुळवून बघायची पद्धत आली, पण जुळवून कुणी बघत नाही, सरळ ओके दाबतात. मामांनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचला, आधी फोनवरचा, मग गाडीवरचा, आणि मगच बटण दाबलं. पुढचा प्रश्न आला, संपर्क द्यायचे का.

“हे नको.”

मी सांगितलं, “मामा, मग फोन आला तर नाव दिसणार नाही, नुसता नंबर दिसेल.”

“दिसू दे. बायकोचा पाठ हाय, मॅडमचा पाठ हाय. बाकीच्यांचं गाडी लावून बघतो.”